पंच मैदानात कसा आला : फुटबॉलमधील खिलाडूवृत्तीची पार्श्वभूमी

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा सर्वांत मोठा वाद प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, यावर झाला. लाथेला मनाई झाली आणि त्या रागाने ब्लॅकहीथ हा क्लब बाहेर पडला. मात्र मनाई मोडणाऱ्या खेळाडूला मैदानातून कोणी आणि कसे काढायचे, याची तरतूद त्या नियमांत नव्हती, कारण सभ्य माणूस मुद्दाम नियम मोडणार नाही असे गृहीत धरलेले होते. वाद झाला तर दोन्ही कर्णधार आपसांत मिटवत. पुढे प्रत्येक संघाचा एकेक अंपायर आला, आणि त्या दोघांचेही जमले नाही तर विचारायचे म्हणून सीमारेषेबाहेर एक रेफरी उभा राहू लागला.

१८९१ मध्ये हा रेफरी मैदानाच्या आत आला आणि त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. पेनल्टीची सूचना आयर्लंडमधील विल्यम मॅक्रम या गोलरक्षकाची होती. ‘कोरिंथियन’सारख्या हौशी संघांना ती अपमानास्पद वाटली, आपण मुद्दाम फाउल करतो असा संशय घेतला जातो म्हणून त्यांचा गोलरक्षक पेनल्टीच्या वेळी खांबाला टेकून बाजूला उभा राहत असे, असे सांगितले जाते. त्यांचा ताठा आज हास्यास्पद वाटतो, पण शिक्षा ठरली की काही खेळाडू तिचा हिशेब मांडू लागतात, ही त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी उरुग्वेच्या लुईस सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, पण असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि शेवटी उरुग्वेच जिंकले.

कार्डांचा इतिहास त्याहून रंजक आहे. २ जून १९६२ रोजी विश्वचषकात सँटियागो येथे चिली आणि इटली यांच्यातील सामन्यात इतकी मारामारी झाली की बाहेर काढलेला इटलीचा फेर्रिनी जायला तयार होईना, तेव्हा पोलिसांना मैदानात उतरावे लागले. त्या सामन्याचे रेफरी केन ॲस्टन हे पेशाने शिक्षक होते. चार वर्षांनी पुढच्या विश्वचषकात, वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि दुभाष्या मागत रात्तिन कितीतरी मिनिटे तिथेच उभा राहिला. त्याच सामन्यात आपल्याला ताकीद मिळाल्याचे इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. रेफरींची जबाबदारी तेव्हा ॲस्टन यांच्याकडे होती. लंडनच्या रस्त्यावर गाडी सिग्नलला थांबली असताना त्यांना सुचले की पिवळा आणि लाल हे रंग कोणत्याही भाषेत कळतात. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. आज गोंदिया-गडचिरोलीकडच्या शाळांतले क्रीडाशिक्षक पुठ्ठ्यावर घोटीव कागद चिकटवून घरीच कार्डे तयार करतात, त्यामागे एका शिक्षकाचीच डोकॅलिटी आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

पण नियम न मोडताही अखिलाडूपणा करता येतो, हे २५ जून १९८२ ला स्पेनमधील विश्वचषकात गिहोन येथे उघड झाले. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून खळबळ उडवली होती आणि आपला शेवटचा गट सामना आदल्या दिवशीच खेळून संपवला होता. पश्चिम जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर ती आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार, हे दोन्ही संघांना माहीत होते. दहाव्या मिनिटाला ह्रुबेशने गोल केला आणि उरलेला सामना चेंडू इकडून तिकडे देण्यात गेला. अल्जीरियाची तक्रार फिफाने फेटाळली, कारण मोडलेला नियम दाखवता येत नव्हता. १९८६ पासून गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जातात. हा उपाय साधा वाटतो, पण त्याला दोन मैदाने लागतात. आपल्याकडे तालुक्याला धड एक मैदान मिळाले तरी पुष्कळ, आणि त्या काळ्या मातीच्या चिखलात सामने एकामागून एकच होतात. त्यामुळे शेवटी खेळणाऱ्या संघाला नेमके काय करायचे आहे हे आधीच ठाऊक असते, आणि मग बांधावरून ‘सेटिंग आहे भाऊ’ अशी ओरड ऐकू येते.

२०१८ च्या विश्वचषकात खिलाडूवृत्ती थेट गुणतक्त्यात शिरली. जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोल आणि आपसांतील निकाल सारखे असल्याने कार्डे मोजण्यात आली. जपानची पिवळी कार्डे चार, सेनेगलची सहा, म्हणून जपान पुढे गेला. गंमत अशी की पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असताना जपानने अखेरची मिनिटे आपल्याच भागात चेंडू फिरवत घालवली, कारण धावपळीत आणखी कार्ड मिळाले असते तर गणित बिघडले असते, आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून नापसंती दाखवली. खिलाडूवृत्तीच्या गुणांवर निवडलेला संघ अखिलाडू ठरवला गेला! अर्थात दोष जपानचा कमी आणि मोजपट्टीचा अधिक होता, असे मला वाटते, कारण कार्ड न मिळणे म्हणजे चांगले वागणे नव्हे.

या हिशेबापासून वेगळी वाट कोलंबियातील मेदेयीन शहरात निघाली. १९९४ च्या विश्वचषकात चुकून स्वतःच्याच संघावर गोल केलेल्या आंद्रेस एस्कोबार या कोलंबियाच्या खेळाडूची तिथे हत्या झाली आणि त्यानंतर तिथल्या वस्त्यांत ‘फुटबॉल-थ्री’ ही पद्धत रुजली. त्यात रेफरी नसतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघ नियम ठरवतात, मग खेळतात, आणि शेवटी एकत्र बसून एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. ते गोलांच्या गुणांत मिळवूनच निकाल लागतो. या पद्धतीचा प्रसार करणाऱ्या जागतिक जाळ्यात नागपुरात २००१ मध्ये सुरू झालेली ‘स्लम सॉकर’ ही संस्थाही आहे. तिथे पिवळ्या कार्डाऐवजी समोरच्या संघातील मुलाला तोंडावर सांगावे लागते की तू मला मुद्दाम पाडलेस, आणि त्याने ते नाकारले तर मध्यस्थ निकाल न देता दोघांनाच बोलते ठेवतो.