उन्हाळा मैफलीचा नव्हे, अल्बमचा

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू आले ते डिसेंबर २०१९ मध्ये, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये. जस्टिन बीबर मात्र आला १० मे २०१७ रोजी; त्या दुपारी रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, मे महिन्यात असे कार्यक्रम का करत नाहीत ते. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्यावर गाणं ऐकणं ही शिक्षाच. त्यामुळे मार्च ते मे ठाणे-नवी मुंबईतला श्रोता ऐकतो ते घरात, पंख्याखाली. अख्खा अल्बम सलग ऐकायला हाच काळ बरा.

‘समर अल्बम’ ही कल्पना मात्र थंड देशांतली. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे त्यांचे किनाऱ्यावरचे सूर ताजे असतात तेव्हा इथे छत्र्या निघालेल्या असतात. शिवाय आपण उन्हाळा साजरा करत नाही, काढतो. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या ‘गारवा’तही (१९९८) उन्हाची काहिली आहे ती पावसाची वाट मोकळी करण्यापुरती. तो सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथेच सोडतो.

कमी ऐकलेल्या अल्बमांची गोष्ट सुरू होते एका यंत्रापासून. १९७९ मध्ये टास्कॅम या कंपनीने पोर्टास्टुडिओ हे ध्वनिमुद्रण यंत्र आणलं आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे आवाज, घरबसल्या भरता येऊ लागले. स्टुडिओचं भाडं वाचलं. बदल्यात आवाज थोडा धूसर झाला, मागे टेपची सळसळ राहिली. पुढे हीच उणीव लोकांना आवडू लागली. २००९ मध्ये अर्नेस्ट ग्रीनने ‘वॉश्ड आउट’ या नावाने ‘लाइफ ऑफ लेजर’ ही सहा गाणी केली ती जॉर्जियातल्या पेरी गावी, आईवडिलांच्या घरी. काम संगणकावर, पण आवाज मुद्दाम जुन्या कॅसेटसारखा विरघळलेला. या शैलीला ‘चिलवेव्ह’ म्हणू लागले. जॉर्जियाचा उन्हाळाही आपल्यासारखाच घामट. दुपारी तीन वाजता हे संगीत इथे इतकं चपखल बसतं, त्याचं एक कारण तेही असावं.

माझा खरा कल मात्र दक्षिण गोलार्धाकडे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १९८१ साली फ्लाइंग नन हे छोटं लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, निघालं. तिथल्या ‘द बॅट्स’ या बँडचा ‘डॅडीज हायवे’ (१९८७) आणि ब्रिस्बेनच्या ‘द गो-बिट्वीन्स’चा ‘१६ लव्हर्स लेन’ (१९८८) या दोन्हींत गिटार हलक्या हाताने वाजते, कुणी ओरडत नाही. उकाड्यात एवढं पुरतं.

हे असलं काही ठाण्यातल्या कॅसेटच्या दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ नंतरच्या काही उन्हाळ्यांत तर मुंबईत दिवे असायचे आणि इकडे भारनियमन. वॉकमनच्या सेलचीच काय ती शाश्वती. २००८ मध्ये बँडकॅम्प ही वेबसाइट सुरू झाली आणि अल्बम थेट कलाकाराकडून विकत घेता येऊ लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आता अडचण मिळण्याची नाही, निवडण्याची आहे.

आपल्याकडचे दोन सुचवतो. कोलकात्याच्या पारेख अँड सिंग यांचा ‘ओशन’ (२०१६) दुपारसाठी. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्ला’ (२०१९) ऊन उतरल्यावर. त्यातला ट्रम्पेट मे महिन्याच्या लग्नसराईत खालून जाणाऱ्या वरातीत असा मिसळतो की शेजारी तक्रार कुणाची करायची, हे त्यांनाच कळत नाही.