हक्कसोडीचा कागद

बेळगावच्या दिवाणी कोर्टात १९९२ साली एका मुलीनं वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मागत दावा घातला. वडील १९८८ मध्येच वारले होते. हायकोर्टातून तो दावा सुप्रीम कोर्टात पोचला आणि ‘प्रकाश विरुद्ध फूलवती’ हे नाव देशभरच्या वकिलांच्या तोंडी बसलं. बेळगावात मात्र ते कुणी घेताना ऐकलं नाही. चन्नम्मा सर्कलमधल्या राणीला सगळे ओळखतात. कित्तूरचा १८२४ चा लढाही वारसावरूनच पेटला होता, इंग्रजांनी दत्तक मान्य केला नाही म्हणून. पण तो दत्तक मुलगाच होता.

हिंदू वारसा कायदा लागू झाला १७ जून १९५६ ला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. साडेचार महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, म्हैसूर राज्यात गेलं. त्या नोव्हेंबरचा काळा दिन आपण अजून पाळतो, जूनची आठवण कुणी काढत नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. पुढे तुकड्या-तुकड्यांनी जे संमत झालं, त्यातलाच हा एक तुकडा. विधवेला जमिनीची पुरी मालकी मिळाली, हे मोठंच काम झालं. मुलीचं गणित मात्र तिरपं राहिलं.

आमच्याच घरचा हिशेब सांगतो. आजोबांची नऊ एकर, दोन मुलगे, एक मुलगी; आजी आधीच गेलेली. एकत्र कुटुंबात मुलगे जन्मानंच वाटेकरी, मुलगी नाही. म्हणजे आधी बाप आणि दोन मुलगे असे तीन-तीन एकर पाडायचे, मग बापाच्या तीन एकरांत तिघांना एकेक. मुलग्यांना चार-चार एकर, आत्तीला एक.

हे बदलायला १९९४ उजाडलं. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जूनपासून, कर्नाटकाची ३० जुलैपासून. दोन्हीकडे मुलगी जन्मानं वाटेकरी झाली, पण त्या तारखेआधी लग्न झालेली वगळली. मधल्या अडतीस दिवसांत लग्न झालेल्या कागलच्या मुलीला हक्क, निपाणीच्या मुलीला नाही! निम्म्याहून अधिक दिवस आषाढाचे होते, त्यामुळे लग्नं थोडीच झाली असतील. पण आधीच सासरी गेलेल्या सगळ्याच बाहेर राहिल्या, आत्तीही.

लग्नाची अट गेली ती ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं. मग प्रश्न आला, त्या दिवशी बाप हयात हवा का? फूलवती खटल्यात २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ‘हवा’ म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींनी, दुसऱ्या एका खटल्यात, तो निकाल फिरवला: हक्क जन्माचा आहे, बाप हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. ‘आमची वाटणी तोंडी कधीच झालीय’ हे भावांचं आवडतं उत्तरही त्या निकालानं सहजासहजी चालेनासं केलं. नव्या हिशेबानं तिघांना तीन-तीन एकर.

आत्तीनं त्याच्या बऱ्याच आधी हक्कसोड करून दिली होती. मी सोबत होतो. कागद कन्नडमध्ये, वर ‘हक्कु बिडुगडे पत्र’. बाजारात ती भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करते, पण शाळा मराठी, वाचता येत नाही. मलाही त्या दिवशी नीट वाचून दाखवावंसं वाटलं नाही. तिनं पदर सारखा करून फोटो काढून घेतला, अंगठा टेकवला, बोट पुसायला माझा रुमाल मागितला. बाहेर आल्यावर बाबांनी तिला खडेबाजारात साडी घेतली. तिनं मुद्दाम स्वस्तातली निवडली.

उताऱ्यावर आता बाबांचं आणि काकांचं नाव आहे. सुगी झाली की आत्तीला अर्धं पोतं तांदूळ आणि रताळी पोचवायला दरवर्षी मीच जातो.