सालीवरच्या किड्याची नवी प्रजाती: परवानगी कुणाची, कागदपत्रे कोणती, नोंद कुठे?

"सर, नवी प्रजाती सापडली आहे, अर्ज कुठे करायचा?" जळगाव-धुळ्याकडचे प्राणीशास्त्राचे विद्यार्थी असे विचारतात. उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण असा अर्जच नसतो. वनखाते, विद्यापीठ, दिल्लीतले मंत्रालय, कुणीही 'ही प्रजाती नवी आहे' असा दाखला देत नाही. नाव वैध ठरते ते प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे छापले गेल्यावर. पण त्याआधी नमुना गोळा करायला आणि नंतर तो जमा करायला सरकारी कागद लागतात, आणि लोक अडकतात ते तिथेच. म्हणून इथे बार्कलाइसचे उदाहरण घेऊन सगळी वाट सांगतो.

बार्कलाइस म्हणजे झाडाच्या सालीवर, वाळक्या पानांत, दगडफुलांवर राहणारे मऊ अंगाचे बारीक किडे. बहुतेकांची लांबी १ ते १० मिलिमीटर. शेवाळ, बुरशी, दगडफूल हे त्यांचे खाणे. झाडाला त्रास नाही, माणसाला चावत नाहीत. धान्यात आणि जुन्या पुस्तकांत दिसणारे बुकलाइस हे त्यांचेच भाऊबंद. खऱ्या उवाही आता त्यांच्यासोबत सोकोडिया या एकाच गणात धरल्या जातात. आपल्याकडे यांच्या मागे लागलेले लोक फार थोडे. सातपुड्यातला अंजन, सालई, मोह, बांधावरची बाभूळ, रावेर-यावलकडच्या केळीची लोंबणारी वाळकी पाने, सगळीकडे शोधायला वाव आहे.

पात्रता

पदवीची अट नाही, वयाची नाही, संस्थेचीही नाही. संहितेच्या दृष्टीने शेतकरीसुद्धा प्रजातीचे वर्णन करू शकतो. व्यवहारात मात्र संस्थेचे पत्र नसेल तर वनखात्यातला अर्ज पुढे सरकणे अवघड. म्हणून महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या एखाद्या मार्गदर्शकाला आधीच सोबत घ्यावे. सूक्ष्मदर्शकही तिथेच मिळेल.

नागरिकत्वाची अट खरी महत्त्वाची. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ३ प्रमाणे परदेशी व्यक्ती किंवा परदेशी संस्थेला संशोधनासाठी इथला जैविक नमुना घ्यायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. आयकर कायद्याने अनिवासी ठरलेला भारतीयही यात येतो. तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेला पुतण्या सुट्टीत येऊन डबीत किडे भरून घेऊन गेला, तर ते कायद्यात बसत नाही. परदेशी तज्ज्ञाकडे नमुना पाठवायचा असला तरी आधी प्राधिकरणाकडेच जायचे. नियम आणि अर्जाचे फॉर्म अलीकडे बदलले आहेत, त्यामुळे मित्राने दिलेला जुना फॉर्म भरू नका. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचा चालू फॉर्मच घ्या.

नमुना कुठून घेता?

स्वतःच्या शेतातून घेत असाल तर वनखात्याचा संबंध नाही. दुसऱ्याच्या शेतातून घेणार असाल तर मालकाची संमती घ्या, शक्यतो लेखी. राखीव वनासाठी संबंधित उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. तळोद्याच्या बाजूला मेवासी वनविभाग आहे हे लक्षात ठेवा, नाहीतर अर्ज नंदुरबारला फिरत राहतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाताना ग्रामसभेला आधी सांगणे हा साधा शिष्टाचार आहे.

यावल, अनेर धरण किंवा गौताळा-औट्रमघाट या अभयारण्यांचे प्रकरण वेगळे. गौताळ्यातल्या पाटणादेवीला देवदर्शनाला गेलो आणि सहज चार किडे उचलले, असे चालत नाही. बार्कलाइस वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाहीत, पण अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. अर्जाला संशोधनाचा आराखडा, संस्थेचे पत्र, ओळखपत्र, जागेचा नकाशा, कालावधी आणि किती नमुने घेणार हे सगळे जोडावे. माझा सल्ला असा की पहिल्यांदाच काम करणाऱ्याने अभयारण्याचा नाद सोडावा. शेताच्या बांधावर आणि गावातल्या जुन्या चिंचेवर पुरेसे काम आहे.

गोळा करताना

फांदीखाली उलटी छत्री धरून काठीने फांदी झटकायची. पडलेले किडे अल्कोहोलात बुडवलेल्या बारीक ब्रशाने टिपायचे. टाचणीला लावायचा हा किडा नव्हे, वाळला की आक्रसतो. ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के इथेनॉल आणि थंड जागा. अल्कोहोलात रंग उडतो, म्हणून जिवंतपणीच फोटो काढावा. डबीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठीशिवायच्या डबीला शास्त्रात किंमत शून्य.

पिल्ले बाजूला ठेवा. वर्णनाला प्रौढ हवेत, शक्यतो नर आणि मादी दोन्ही. पंखांच्या शिरा आणि शिंगिकांचे खंड पाहून कुळापर्यंत पोचता येते. प्रजाती मात्र बहुधा जननेंद्रियांवरून ठरते. त्यासाठी पोटाचे टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ करून, स्लाइडवर बसवून, त्याचे चित्र काढावे लागते. मोबाइलवरच्या फोटोवरून 'नवीन' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. लीनहार्ड आणि स्मिदर्स यांची २००२ ची जागतिक सूची आणि सोकोडिया स्पीशीज फाइल ही संगणकीय सूची काढून त्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) प्रत्येक ज्ञात प्रजातीचे मूळ वर्णन ताडून पाहावे. हे सगळ्यात कंटाळवाणे काम आहे आणि बहुतेक 'नव्या' प्रजाती इथेच जुन्या निघतात.

जमा करणे आणि छापणे

ज्या एका नमुन्यावर नाव टांगले जाते तो होलोटाइप. १९९९ नंतरच्या नावांसाठी तो लेखात स्पष्ट नेमावा लागतो आणि कोणत्या संग्रहात, कुठे ठेवणार हेही लिहावे लागते. आपल्या जैवविविधता अधिनियमाचे कलम ३९ तर नव्या प्रजातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून नमुना तिथे जमा करणे बंधनकारक करते. प्राण्यांसाठी हे भांडार म्हणजे कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आधी पत्रव्यवहार करा आणि नमुने शक्यतो हातोहात न्या, कारण अल्कोहोल ज्वलनशील असल्याने टपालात चालत नाही. तिथून मिळणारा नोंदणी क्रमांक हाच तुमच्या सगळ्या फाइलमधला खरा कागद. तो लेखात छापा.

नाव रोमन लिपीत, दोन शब्दांचे. 'खान्देशेन्सिस', 'तोरणमालेन्सिस' चालते, फक्त शेवट जीनसच्या लिंगाला जुळवावा लागतो. स्वतःचेच नाव देऊ नये. संहितेत मनाई नाही, पण लोक हसतात. लेखात 'नवी प्रजाती' असे स्पष्ट म्हटलेले हवे. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी हवी आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच दिसला पाहिजे. नोंदणीला पैसे लागत नाहीत. झूटॅक्सासारख्या नियतकालिकात खुला प्रवेश (लेख सगळ्यांना फुकट वाचता येण्याची सोय) न निवडल्यास लेखकाला शुल्क पडत नाही, तेव्हा 'आठ दिवसांत छापून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. परिषदेत वाटलेला सारांश प्रकाशन ठरत नाही.

लेख छापून येईपर्यंत वर्तमानपत्राला बातमी देताना लॅटिन नाव सांगू नका. छापून आल्यावर एक प्रत परवानगी देणाऱ्या वनकार्यालयाला आणि एक गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. लोक जैवविविधता नोंदवहीत त्याची नोंद करून घेता येते.