पतंगाच्या पंखांची पावडर डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो? नाही होत!

लहानपणापासून ऐकतोय हे, आणि अजूनही थंडीत परसातल्या भिंतीवर मोठा पतंग बसलेला दिसला की घरचे मुलांना ओरडतात, हात लावू नको, आंधळा होशील. अहो ती पावडर म्हणजे पंखांवरचे बारीक खवले, कायटिनचे (किड्यांचं कवच ज्याचं असतं तेच), कौलांसारखे एकावर एक बसलेले, त्यात आंधळं करणारं काही नसतं. डोळ्यात गेलेच तर धुळीसारखे खुपतील, पाण्याने धुवा, झालं. खाज सुटते ती काही जातींच्या केसाळ सुरवंटांमुळे, घोळ बहुतेक तिथूनच झाला असावा.

पतंग की फुलपाखरू हे ओळखायचं असेल तर मिशा बघा, फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाच्या पिसासारख्या नाहीतर नुसत्या निमुळत्या. कण्हेर, तगरीजवळ हिरवा-गुलाबी, लष्करी कपड्यासारख्या नक्षीचा मोठा पतंग दिसला तर तो बहुधा ओलिएंडर हॉकमॉथ, त्याची अळी हीच पानं खाते. आणि गार संध्याकाळी तो बसल्या जागी थरथरत असेल तर मरत नाहीये, उडायच्या आधी छातीचे स्नायू गरम करतोय, झाडूने मारू नका प्लीज, थोडं थांबा, जाईल उडून.