सोनाराची तार, दवाखान्यातली बंदूक आणि हणजूणची सुई

गोव्यात, फोंड्यात किंवा डिचोलीत, आज बाळाचे कान टोचायचे ठरले की घरात तीन मते निघतात. आजीला घरचा सोनार हवा असतो. आई म्हणते, मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊ. कॉलेजात शिकणारी मावशी दोघींनाही गप्प करते आणि सांगते, सुईनेच टोचा, कान टोचायची बंदूक नको. हे तीन आग्रह तीन वेगवेगळ्या काळांतले आहेत आणि प्रत्येकामागे एकेक हत्यार आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याला स्वतंत्र अध्याय आहे आणि रक्षण व भूषण ही दोन कारणे तिथे दिली आहेत. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. कानाची पाळी उन्हात धरून जिथून उजेड आरपार दिसतो, तिथेच टोचायचे. फाटलेली पाळी सांधण्याचे १५ प्रकार त्याच अध्यायात येतात, म्हणजे दागिन्यांनी कान ओघळण्याचे दुखणे तेव्हाही असणार. अंतर्गळावर, म्हणजे हर्नियावर, कानाच्या वरच्या भागात टोचण्याचा उपायही त्याच ग्रंथात सापडतो. अर्धशिशी थांबते म्हणून कानाच्या आतल्या कूर्चेला, म्हणजे कडक पण लवचिक भागाला, भोक पाडून घेण्याची टूम हल्ली निघाली आहे. तिला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही, पण आजीला ती ऐकून जराही नवल वाटत नाही.

नाकाचे तसे नाही. प्राचीन शिल्पांत नाकात दागिना दिसत नाही, म्हणून नथ मध्ययुगात पश्चिम आशियाकडून आली असे बरेच अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटलेले नाही. आली कुठूनही असो, ती इतकी रुजली की मूल जगत नसलेल्या घरात मुलाचेही नाक टोचत आणि त्याला नथू म्हणत.

गोव्यात यात पोर्तुगीज अमलाची भर पडली. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या हुकूमनाम्याने बाटलेल्या घरांतल्या लग्नविधींपासून पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळी इथपर्यंत बंदी घातली. ख्रिस्ती घरांत मुलींचे कान टोचणे पुढेही चालू राहिले, नाक मात्र सुटले. माझ्या लहानपणापर्यंत नाकात चमकी दिसली की बाई हिंदू, असा सरळ हिशेब होता.

आता बंदूक. सगळा वाद खरे तर तिच्यावरून आहे.

सोनाराची रीत अशी: २२ कॅरट सोन्याची बारीक तार, एक टोक घासून अणकुचीदार केलेले. ती पाळीतून ओढायची आणि वळवून तिचीच बाळी करायची. भोक तारेएवढेच पडते आणि कान सुजला तरी गोल बाळीत सुजेला जागा राहते. वर हळद आणि खोबरेल. उणीव एकच, पण मोठी: तार निर्जंतुक केलेली नसे. बारशाला कान टोचायचे तर बाळ जेमतेम १२ दिवसांचे, आणि धनुर्वाताची लस मिळते सहाव्या आठवड्यापासून. या मुद्द्यावर शिकलेल्या आया दवाखान्याकडे वळल्या आणि त्यांचे चुकले असे कोणी म्हणू नये.

पण दवाखान्यात त्यांना मिळाले काय? गुरांच्या कानात बिल्ले ठोकायच्या चिमट्यावरून सुचलेले यंत्र. ही बंदूक १९७० च्या दशकात अमेरिकेत पसरली, दागिन्यांच्या दुकानांतून, मॉलमधल्या टपऱ्यांतून. आपल्याकडे ती पांढऱ्या कोटासोबत आली, म्हणून तिला एकदम वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली. तिचे काम सोपे आहे. आतली स्प्रिंग सुटते आणि बोथट टोकाची कुडी जोराने पाळीतून पलीकडे जाते. सुई कापते, बंदूक फाडते, असा सुईवाल्यांचा आक्षेप. शिवाय तिचा सांगाडा प्लास्टिकचा. १२१ अंशांच्या वाफेत तो टिकत नाही, म्हणून नुसता स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. कुडीची दांडी आखूड, मागचा चाप घट्ट, त्यामुळे कान सुजला की ती मांसात रुतते.

मऊ पाळीत हे निभावून जाते. खरी पंचाईत वरच्या कूर्चेत. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जंतू शिरले की औषध नीट पोहोचत नाही आणि कानाचा आकारच बिघडू शकतो. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एकाच टपरीवर वरचे कान टोचून घेतलेल्यांत असा संसर्ग पसरला. जंतू निघाले कुठून, तर तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीतून! तिथल्या काही राज्यांनी पुढे बंदुकीला फक्त पाळीपुरती मुभा ठेवली. धंदेवाईक टोचणाऱ्यांनी तर तिला केव्हाच बाद केले होते. बंदुकीच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. आता एकदाच वापरायच्या बंद कुपीतल्या कुड्या आल्या आहेत, स्प्रिंगऐवजी हाताच्या दाबाने चालणारी यंत्रेही आली आहेत. तरीही पार्लरात ती चालवणाऱ्या पोरीला किती दिवसांचे शिक्षण मिळाले, हे विचारल्याशिवाय खुर्चीवर बसू नये.

भोक न पाडता दागिना घालण्याची खटपटही कमी विचित्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य बाजारात पाळी दोन्हीकडून आवळणारी मळसूत्राची कर्णफुले आली, १९३० च्या दशकात चिमट्याची. १९६० च्या दशकात तर कमाल झाली. आतून टोकदार असलेल्या बाळ्या निघाल्या, त्या कानात अडकवायच्या आणि टोके हळूहळू रुतून आपोआप भोक पडायची वाट बघायची. आपल्याकडची जुनी युक्ती त्यापुढे शहाणी वाटते. कुड्यांचे ओझे केसांवर टाकणारे मोत्यांचे वेल म्हणजे भार वाटून घेण्याची सोयच होती. तेच काम आता पाळीमागे चिकटवायच्या पारदर्शक चकत्या करतात.

आणि चापाची नथ. आज लग्नात नवरीपासून करवल्यांपर्यंत बहुतेकींच्या नाकात तीच असते, कारण नाक टोचलेलेच नसते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळा-कॉलेजात गेलेल्या आमच्या आयांना टोचलेले नाक गावंढळ वाटे. त्यांनी मुलींची नाके तशीच ठेवली.

त्याच सुमारास उत्तर गोव्यातल्या हणजूणच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर उलटा प्रकार चालला होता. साठच्या दशकाच्या अखेरीस हिंडत भारतात आलेल्या हिप्पींना इथल्या बायकांची चमकी आवडली आणि ती त्यांच्याबरोबर युरोप-अमेरिकेत गेली. १९७५ च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये टोचण्याचाच व्यवसाय उभा राहिला, पोकळ सुईचे तंत्र बसले. मग तीच चमकी भुवई, बेंबी आणि जीभ यांना सोबत घेऊन हणजूणच्या बुधवारच्या बाजारात परतली. आता कळंगुट-बागा पट्ट्यातल्या स्टुडिओत टायटॅनियमची लांब दांडी घालतात आणि सूज उतरल्यावर आखूड करून देतात. कानाला खाज आणणाऱ्या निकेल धातूची भानगडही तिथे लोकांना कळली. युरोपने १९९४ मध्येच टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा आणली होती. आपल्याकडच्या मुलामा दिलेल्या कुड्यांवर मात्र कान खाजवत दिवस काढायचे.

आज नाक टोचलेली मुलगी म्हापशात दिसली तर ती हिंदू की ख्रिस्ती, हे नाकावरून ओळखता येत नाही. आजीचा राग आता नाकाच्या मधल्या पडद्यावर गेला आहे. बैलाला वेसण घालतात तशी ही कडी, असे ती म्हणते. त्यावरही तोडगा निघालाच आहे. घोड्याच्या नालासारखी अर्धगोल कडी, दोन टोकांना गोळ्या. घरी जाताना ती नाकपुडीत वर फिरवली की बाहेरून काही दिसत नाही. बोटीवर किंवा हॉटेलात मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी काचेच्या पारदर्शक दांड्या मिळतात. पाहुण्यांसमोर वावरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दागिना बऱ्याच बोट कंपन्यांना चालत नाही आणि गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटते.