कर्जाच्या भांडणातून उभे राहिलेले पक्ष

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांना तर पक्षबाजीचा तिटकारा होता. तरीही एप्रिल १७८९ मध्ये त्यांनी शपथ घेतल्यावर काही वर्षांतच त्यांच्याच मंत्रिमंडळाचे दोन तट पडले, आणि त्या तटांचेच पुढे पक्ष झाले. भांडण सुरू झालं ते स्वातंत्र्ययुद्धाच्या उधारीवरून.

अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे कर्जफेडीची योजना मांडली. केंद्राचं देणं पाच कोटी डॉलरच्या वर होतं, राज्यांचं सुमारे अडीच कोटी. सगळंच केंद्राने अंगावर घ्यावं आणि जुन्या कर्जरोख्यांची दर्शनी, म्हणजे कागदावर लिहिलेली पूर्ण किंमत मान्य करावी, असं त्यांचं म्हणणं. पैसेवाल्यांचे पैसे सरकारात अडकले की ते सरकार पडू देणार नाहीत, हा त्यामागचा हिशोब.

पण रोखे आता होते कुणाकडे? युद्धात पगाराऐवजी कागद हाती पडलेल्या सैनिकांनी ते केव्हाच कवडीमोलाने विकले होते, आणि दलालांनी गोळा केले होते. मूळ धारकांनाही वाटा द्या, अशी मागणी काँग्रेसमधले व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी केली. सभागृहाने ती मोठ्या फरकाने फेटाळली. राज्यांच्या कर्जाचं प्रकरण मात्र अडलं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं. मॅसॅच्युसेट्सचा भार आपण का उचलायचा? एप्रिलमध्ये प्रस्ताव पडला.

जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांना न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. तिथे काय ठरलं, हे मुख्यतः जेफरसन यांनीच नंतर लिहिलेल्या टिपणांवरून कळतं, त्यामुळे ते थोडं सावधपणे वाचलेलं बरं. सौदा असा: दक्षिणेकडची काही मतं कर्जाच्या बाजूने वळवायची, आणि राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात राहून पुढे दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची. मॅडिसन यांनी स्वतः विरोधातच मत दिलं. विरोधाचा जोर तेवढा काढून घेतला.

ही तडजोड फार टिकली नाही. १७९१ मध्ये हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँक आणली, तेव्हा घटनेत असा अधिकारच नाही, असं जेफरसन यांनी वॉशिंग्टनना लेखी कळवलं. वॉशिंग्टननी हॅमिल्टनचं ऐकलं. त्याच वर्षी जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला आपल्या खात्यात अनुवादकाची नोकरी दिली आणि त्याने हॅमिल्टनवर तुटून पडणारं वर्तमानपत्र काढलं. मंत्र्याने सरकारी पगारावर सरकारविरोधी संपादक पोसावा, ही निर्लज्ज चलाखी होती, असंच मला वाटतं.

कर्जाच्या व्याजासाठी देशी दारूवरही कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला डोंगरापलीकडे धान्य नेणं परवडत नसे. व्हिस्की नेता येई आणि रोकड नसताना देवाणघेवाणीतही चाले. १७९४ मध्ये तिथे कर तपासनीसाचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टन स्वतः निघाले, सुमारे तेरा हजारांची फौज जमली. लढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. देशद्रोहात दोषी ठरलेल्या दोघांना त्यांनी माफी दिली.

१८०१ मध्ये जेफरसन अध्यक्ष झाले. दारूवरचा कर गेला, सैन्यखर्च छाटला गेला. बँक मात्र राहिली, कारण अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांना ती सोयीची वाटत होती. १८११ मध्ये तिची वीस वर्षांची मुदत संपली. सिनेटमध्ये १७ विरुद्ध १७ अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि बँकेविना पैसा उभा करताना सरकारची दमछाक झाली. अखेर १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर अध्यक्षांनी सही केली. ते अध्यक्ष होते जेम्स मॅडिसन.