स्ट्रिंग लिटरल का बदलता येत नाही : पार्श्वभूमी

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरील टर्बो सी या कंपायलरवर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर) सी भाषा गिरवलेला कोल्हापुरातील विद्यार्थी लिनक्सवर आला, की त्याला एक धक्का बसू शकतो. कॅरेक्टर पॉइंटरला (अक्षराचा मेमरीतील पत्ता ठेवणाऱ्या चलाला) रोमन लिपीतील ‘कोल्हापूर’ हे स्ट्रिंग लिटरल, म्हणजे कोडमध्ये अवतरणचिन्हांत थेट लिहिलेली अक्षरमाला, देऊन पहिले अक्षर बदलले, की डॉसवर निमूटपणे ‘गोल्हापूर’ छापणारा प्रोग्रॅम येथे सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतो. तीच स्ट्रिंग कॅरेक्टर ॲरेत (अक्षरांसाठीच्या सलग जागेत) ठेवली, तर काही बिघडत नाही.

या गोष्टीची मुळे सीच्या आधीच्या भाषांत आहेत. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलमध्ये (1967) स्ट्रिंगच्या पहिल्या बाइटमध्ये तिची लांबी असे. त्यामुळे लांबीवर येणारी मर्यादा नको, म्हणून केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत शेवटी खुणेचे अक्षर आले. सीमध्ये ती खूण म्हणजे शून्य बाइट. म्हणून आठ रोमन अक्षरांचे ‘कोल्हापूर’ नऊ बाइट घेते.

बीमध्ये ॲरेच्या जागेखेरीज तिचा पत्ता सांगणारा एक पॉइंटरही मेमरीत तयार होई. डेनिस रिची यांनी सीमध्ये स्ट्रक्चर (वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधणारा प्रकार) आणताना ही व्यवस्था आड आली. युनिक्सच्या डिरेक्टरीतील नोंद म्हणजे फाइलचा दोन बाइटचा क्रमांक आणि त्याला लागूनच 14 अक्षरांचे नाव. मध्ये पॉइंटर ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी तो साठवलेला पॉइंटर काढून टाकला आणि ॲरेचे नाव वापरताच पहिल्या घटकाचा पत्ता मिळेल, असा नियम केला. सीमधील सर्वांत कल्पक निर्णय मला हाच वाटतो, आणि ॲरे व पॉइंटर एकच, हा गैरसमजही बहुधा याच नियमातून रुजला.

1978 च्या सीमध्ये लिटरल बदलणे निषिद्ध नव्हते आणि एकसारखी दोन लिटरल्सही वेगळी मानली जात. 1989 च्या अन्सी (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) प्रमाणकाने ती एकत्र करण्याची मुभा कंपायलरला दिली आणि लिटरल बदलल्यास काय घडेल, याची हमी काढून घेतली. मात्र लिटरलचा प्रकार ‘कॉन्स्ट’ (न बदलता येणारा) केला नाही, कारण तोवर लिहिलेला अमाप कोड त्यामुळे मोडला असता. सी++ने 1998 मध्ये तो कॉन्स्ट केला, तरी जुन्या कोडसाठीची सवलत 2011 पर्यंत टिकली.

डॉसच्या रिअल मोडमध्ये (प्रोसेसरच्या जुन्या, साध्या कार्यपद्धतीत) मेमरीला संरक्षणच नव्हते, त्यामुळे टर्बो सीवर चूक खपून जाई. लिनक्सवर लिटरल केवळ वाचता येणाऱ्या विभागात असते आणि तेथे लिहू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला प्रोसेसर व कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळून अडवतात. ॲरेला मात्र त्याच अक्षरांची स्वतःची, बदलता येणारी प्रत मिळते. सीचा कंपायलर याबाबत आजही सहसा आपणहून इशारा देत नाही, कारण त्याच्या लेखी त्या लिटरलचा प्रकार अजूनही साधा कॅरेक्टर ॲरेच आहे.